सावद्याहून उत्तर

बाहरीनची मेल दुपारी तीनला आली.
वाचताही आली: चौदाव्या खोक्यात
फण्यांच्या माना काळ्या पडल्यात, सोबत तीन फोटो,
उत्तर आजच पाहिजे.
उत्तराचं बटण दाबलं
तर खिडकी उघडते, पांढरी होते, आणि वर लाल पट्टी:
काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.

काय चुकलं ते सांगत नाही.
आमच्या हिशेबनीस बोरोलेकाकांसारखं
ओठ आवळून नुसतं मान हलवतं.

पुन्हा प्रयत्न केला.
मशीन बंद करून चालू केलं,
राउटरची वायर फुंकून लावली,
मेलमधून बाहेर पडून पासवर्डाने परत आत आले.
खासगी खिडकीत उघडून पाहिलं
तर तिथं बटण गुमान चाललं.
म्हणजे मेल ठीक, इंटरनेट ठीक,
रोग ब्राउझरला चिकटलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये.
तिथूनच उत्तर धाडून मोकळी झाले असते,
पण उद्या परत हेच. शिवाय
मला आता चोर पाहायचा होता.

वर उजव्या कोपऱ्यात चिन्हांची रांग. अकरा.
कधी मोजलीच नव्हती.
एकेक बंद करायचं, मेल ताजी करायची, बटण दाबायचं.

कूपन शोधणारं, भारंबेंच्या मुलाने सुट्टीत घातलेलं. बंद.
लाल पट्टी तशीच.
पडदा काळा करणारं, तुषारचं; तो रात्रपाळीला
चेंबरचा पारा लिहीत बसायचा, डोळे दुखायचे त्याचे.
आता सुरतेला आहे.
बंद केलं, आणि सगळा पडदा भर दुपारसारखा अंगावर आला.
इंग्रजी सुधारणारं, माझ्या 'काइंडली'खाली
कायम रेघ ओढणारं. हे बंद करताना जरा बरं वाटलं.
मराठी टायपिंगचं. करवेना, तरी केलं.
जाहिराती अडवणारं; ते जाताच
चहूकडून गुडघेदुखीची तेलं.
पीडीएफची दोन, पत्ते भरणारं एक,
कोणी घातली कोणालाच ठाऊक नाही.
पट्टी तशीच.

डिगाभाऊ दोनदा डोकावून गेले.
"झालं का व? त्याइचं ऑफिस बंद होईन."

नववा एक बारीक हिरवा डोळा.
हा भाऊंनीच बसवून घेतलेला, गेल्या दिवाळीत
एक व्यापारी 'मेल पाहिलीच नाही' म्हणाला तेव्हा.
आपण पाठवलेली कोणी कधी उघडली, किती वेळा,
सगळं हा गुपचूप सांगतो.
रोज सकाळी मी भाऊंना वाचून दाखवते:
वाशीने दोनदा उघडली,
कानपूरने रात्री अकराला,
बाहरीनने नाही.
(आणि एकदा, त्यांना न सांगता, माझी स्वतःची एक:
सुरतेने सात वेळा. उत्तर नाही.)

डोळा बंद केला.
बटण दाबलं. खिडकी उघडली
आणि उघडीच राहिली.

"यानंच अडवलं होतं," मी म्हटलं.
भाऊ खुर्चीच्या पाठीला हात टेकून बघत राहिले.
"मंग त्यानं वाचलं का नाही ते कसं कळीन?"
"उत्तर आलं की."
"अन् नाही आलं त?"

मागे चेंबरचा पंखा सुरू झाला.
मी लिहायला घेतलं: चौदावा खोका आमच्या हिशेबात धरा,
तेरावा आणि पंधरावा उघडून बघा,
फोटो मानेचे नको, देठाच्या कापाचे पाठवा.
पाठवली. गेली, एवढंच कळलं.

कूपन सोडून बाकीची परत चालू केली.
पडदा काळा झाला तसे डोळे निवले.

आठला दहा कमी असताना तिकडून मरियम नावाच्या बाईंची,
ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही:
मिळालं. उद्या कळवते.
तुमच्याकडेही एवढं ऊन आहे का?

मी अंक टाइप केले, चार आणि सहा.
मग उगाच पुढे मराठीतही लिहिलं, शेचाळीस.
त्यांना वाचता येणार नाही.
तरी पाठवली,
सवयीने उजव्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं
आणि शटरची किल्ली शोधू लागले.